एकट्या सुरीचे मिथक

डॅनिएल डिफोची 'रॉबिन्सन क्रूसो' ही कादंबरी १७१९ साली प्रसिद्ध झाली. बेटावर येऊन पडलेल्या क्रूसोपाशी त्या पहिल्या संध्याकाळी काय काय होते, याची मोजदाद डिफोने नेमकी केली आहे. एक सुरी, तंबाखू ओढायची चिलीम आणि डबीत थोडी तंबाखू, एवढेच. या सुरीने तो काय करतो? स्वरक्षणासाठी एक आखूड दांडके तोडून घेतो, झाडावर चढतो आणि झोपी जातो. त्याआधी वेड्यासारखा इकडेतिकडे धावतो, ते निराळेच. क्रूसोचे खरे जीवन सुरू होते ते दुसऱ्या दिवसापासून, फुटक्या जहाजावरून सामान आणायला लागल्यावर. त्यात सुताराची पेटी हाती लागते, आणि त्या घडीला ती त्याला सोन्याने भरलेल्या जहाजापेक्षाही मोलाची वाटते. पुढे एका खणात वस्तरे, कात्री, डझनभर सुऱ्या आणि काटे सापडतात; पाठोपाठ नाणीही सापडतात. त्या नाण्यांच्या ढिगाकडे पाहून तो म्हणतो, की यांतली एक सुरी या सगळ्या द्रव्याहून अधिक किमतीची आहे. (आणि मग विचार बदलून तो नाणीही बरोबर घेतो. डिफो मोठा लेखक आहे तो अशा जागांमुळे.)

हा प्रसंग येथे सांगण्याचे कारण असे, की रानात एकट्याने तगून राहणाऱ्या माणसाचे जे चित्र आज जगभर लोकांच्या मनात ठसले आहे, त्यात सुताराची पेटी नाही. त्यात एक माणूस आहे, अरण्य आहे आणि कमरेला एक भलीमोठी सुरी आहे. शिकारीसाठी आणि रानातल्या मुक्कामासाठी चांगली सुरी कोणती, हा प्रश्न विचारला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हीच सुरी येते. हे चित्र आले कोठून, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावा असा आमचा विचार आहे. प्रश्न वरवर पाहता हत्यारांच्या इतिहासाचा वाटेल. परंतु आमच्या मते तो तितकाच साहित्याच्या इतिहासाचाही आहे. कारण रानातल्या सुरीचा आकार ज्यांनी बिघडवला ते बव्हंशी गोष्टी सांगणारे लोक होते. आणि ज्यांनी तो सुधारण्याचा प्रयत्न केला त्यांतले दोन प्रमुख माणूसही लेखकच होते.

आधी सुरीचे काम काय ते पाहू. रानात राहणाऱ्या माणसाच्या हातून दिवसभरात सुरीची जी कामे होतात ती फारशी रोमहर्षक नसतात. काटक्या तासणे, शेकोटी पेटावी म्हणून कोरड्या लाकडाच्या पातळ ढलप्या काढणे, दोर कापणे, मांस आणि भाजी चिरणे, मासा साफ करणे. शिकार झालीच तर जनावराचे पोट उघडून आतडी काढणे, कातडे सोलणे आणि सांध्यासांध्यातून मांस सोडवणे. यांतल्या एकाही कामाला भोसकण्याची गरज नाही. उलट पोट उघडताना सुरीचे टोक फार अणकुचीदार असेल तर जठर किंवा मूत्राशय फुटते आणि मांस नासते. म्हणून जाणता शिकारी टोक थोडे खाली उतरलेले पसंत करतो. पाते जाड असेल तर ते लाकडात पाचरीसारखे अडते आणि मांस कापण्याऐवजी फाडते. पाते लांब असेल तर टोकावरचा ताबा सुटतो. तात्पर्य, या कामांची बेरीज केली तर उत्तर येते ते एका लहान, पातळ, साध्या पात्याचे. तोडण्याफोडण्याची कामे शिल्लक राहतात, परंतु त्यांसाठी वजन हवे आणि ते वजन दांड्याच्या टोकाशी हवे. म्हणजे कुऱ्हाड हवी. सुरीने कुऱ्हाडीचे काम करावे असे ठरवले की पाते जाड आणि लांब करावे लागते. मग ती सुरी म्हणून निकामी होते आणि कुऱ्हाड म्हणूनही अपुरी पडते.

इतके साधे गणित असताना ते बिघडले कसे?

१९ सप्टेंबर १८२७ रोजी अमेरिकेत, मिसिसिपी नदीतल्या नॅचेझ गावाजवळच्या वाळूच्या पट्ट्यावर एक द्वंद्वयुद्ध झाले. द्वंद्व करणारे दोघे हस्तांदोलन करून मोकळे झाले. मारामारी जुंपली ती त्यांच्या पाठीराख्यांत. तीत जेम्स बोई नावाच्या माणसाने गोळ्या आणि तलवारीचे वार अंगावर घेऊन आपल्या शत्रूला सुरीने ठार केले. वर्तमानपत्रांनी ही हकीकत देशभर पसरवली. पुढे ६ मार्च १८३६ रोजी टेक्सासमधील अलामोच्या वेढ्यात बोई मारला गेला आणि त्याची सुरी दंतकथा झाली. या सुरीला केवढी मागणी आली असेल याची कल्पना दोन कायद्यांवरून यावी. १८३७ साली अलाबामा राज्याने तिच्या विक्रीवर शंभर डॉलर कर बसवला आणि १८३८च्या आरंभी टेनेसीने तिची विक्रीच बंद केली.

याच १८३८ साली जेम्सचा भाऊ रेझिन बोई याने एका वर्तमानपत्राला पत्र लिहिले. ते वाचण्यासारखे आहे. त्याचे म्हणणे असे, की ही सुरी मुळात त्याने स्वतः करवून घेतली होती आणि ती केवळ शिकारीसाठी होती. पाते सव्वानऊ इंच लांब, दीड इंच रुंद, एकाच बाजूने धार आणि वळण कसलेही नाही. म्हणजे बोईच्या नावावर पुढे जी वक्र टोकाची, दुधारी अग्राची, मुठीपुढे आडवी पट्टी असलेली भयकारी सुरी विकली गेली, तिचा मूळ सुरीशी संबंध फार थोडा. दंतकथेला शोभेल असा आकार नंतर घडवला गेला आणि त्यातला मोठा भाग इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात घडवला गेला. तेथील कारखानदारांनी अमेरिकेच्या बाजारासाठी पात्यांवर घोषवाक्ये कोरून हजारो 'बोई' सुऱ्या पाठवल्या. जॉर्ज वॉस्टनहोम या कारखानदाराने तर आपल्या कारखान्याचे नावच 'वॉशिंग्टन वर्क्स' ठेवले होते. अमेरिकेच्या अरण्यातल्या पौरुषाचे प्रतीक असे समुद्रापलीकडच्या गिरणगावातून येत होते. पात्यावरचा मजकूर वाचून सुरी विकत घेणाऱ्या या गिऱ्हाइकाला आम्ही वाचकच म्हणू.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या मजकुराला स्वस्त कादंबऱ्यांची जोड मिळाली. अमेरिकेत दहा सेंटला मिळणाऱ्या या पुस्तकांत रेड इंडियन, अस्वले आणि दरोडेखोर यांच्याशी सुरीने झुंजणारे नायक पानापानांवर होते. सुरीचे मोल ठरवण्याची कसोटी त्यामुळे बदलली. दिवसातून पन्नास वेळा करायच्या कामाऐवजी आयुष्यात एखादेच वेळी येणारा (किंवा कधीच न येणारा) झुंजीचा क्षण ही कसोटी झाली. आमच्या प्रतिपादनाचा गाभा हाच आहे. गोष्टीला क्षण लागतो. साधनाला सवय लागते. गोष्टीच्या मापाने साधन निवडले की ते हाताला जड होते.

या प्रवाहाविरुद्ध पहिला ठळक आवाज उठला तो १८८४ साली. 'नेसमक' या टोपणनावाने 'फॉरेस्ट अँड स्ट्रीम' या नियतकालिकात लिहिणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्सचे (१८२१–१८९०) 'वुडक्राफ्ट' हे पुस्तक त्या वर्षी निघाले. हा गृहस्थ पेशाने जोडे शिवणारा कारागीर, वृत्तीने कवी. १८८७ साली त्याचा कवितासंग्रहही प्रसिद्ध झाला. अंगाने अगदी किरकोळ आणि छातीच्या विकाराने पोखरलेला. १८८३ साली, वयाच्या साठीनंतर, त्याने न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक पर्वतप्रदेशातल्या सरोवरांतून २६६ मैलांचा प्रवास एका एकट्या माणसापुरत्या होडीतून केला. त्या होडीचे वजन साडेदहा पौंड, म्हणजे पाच किलोहूनही कमी होते. होडीचे नाव त्याने डिकन्सच्या 'मार्टिन चझलविट'मधल्या सेअरी गॅम्प या पात्रावरून ठेवले होते. ही बाई मद्य पीत असे, पाण्याला शिवत नसे. होडीतही पाणी शिरू नये, हा त्यातला विनोद. वजनाचा असा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने दुकानातल्या शिकारी सुऱ्यांविषयी काय लिहिले असेल? त्या जाड, बोजड आणि खुनशी दिसणाऱ्या असून त्या शिकाऱ्याच्या सामानापेक्षा स्वस्त कादंबरीला अधिक शोभतील, असा त्याचा अभिप्राय आहे. सुरीच्या चर्चेत वाङ्मयप्रकाराचे नाव घेऊन केलेली ही टीका आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. सुरीचा दोष कोठून आला हे त्याने बरोबर ओळखले होते.

त्याने स्वतःची निवड चित्रासह दिली आहे, आणि तीत तीन वस्तू आहेत. खिशात मावेल अशी दोन्ही बाजूंना पाते असलेली छोटी कुऱ्हाड (मनाजोगती मिळेना म्हणून त्याने ती मुद्दाम करवून घेतली होती), पातळ पात्याची म्यानातली सुरी, आणि दोन पात्यांचा मिटवायचा मजबूत चाकू. तोडायचे ते कुऱ्हाडीने, सोलायचे आणि खायचे ते सुरीने, बारीकसारीक कोरायचे ते चाकूने. कुऱ्हाड सोबत आहे म्हणून सुरी पातळ ठेवता येते. चाकू सोबत आहे म्हणून सुरीने सगळीच नाजूक कामे करावी अशी अपेक्षा राहत नाही. प्रत्येक पात्याचे गुण उरलेल्या दोघांमुळे शक्य होतात. आयुष्यभर कातडे कापलेल्या माणसाला पातळ धारेची किंमत वेगळी सांगावी लागली नसेल, असेही म्हणण्यास जागा आहे.

नेसमकच्या पुस्तकानंतर पुढच्याच वर्षी, १८८५ साली, थिओडोर रूझवेल्टचे शिकारीवरचे पुस्तक निघाले. ते पुढे राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हाची ही गोष्ट नाही. तेव्हा ते सत्तावीस वर्षांच्या आतले, डकोटाच्या माळरानावर गुरांचा व्यवसाय करणारे श्रीमंत तरुण होते. त्या पुस्तकासाठी त्यांनी हरणाच्या कातड्याचा पोशाख घालून, हातात बंदूक आणि कमरेला रुप्याच्या नक्षीदार मुठीची सुरी लावून छायाचित्र काढून घेतले. सुरी न्यूयॉर्कच्या टिफनी या जवाहिऱ्याकडची होती आणि छायाचित्रही न्यूयॉर्कच्या स्टुडिओतच काढलेले होते. रूझवेल्ट खरोखर शिकार करीत, कष्टही सोसत. त्यांना ढोंगी ठरवण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. नेसमकच्या चित्रात माणूस नाही, तीन अवजारे आहेत. रूझवेल्टच्या चित्रात माणूस आहे आणि सुरी त्याचा अलंकार आहे.

दुसरा लेखक होरेस केफार्ट (१८६२–१९३१). साहित्याच्या अभ्यासकांना तो अधिक जवळचा वाटेल, कारण तो ग्रंथपाल होता. तरुणपणी त्याने इटलीत विलर्ड फिस्क या संग्राहकाच्या पेत्रार्कविषयक ग्रंथसंग्रहाची सूची करण्याचे काम केले. १८९० पासून तो सेंट लुई येथील मर्कंटाइल लायब्ररीचा प्रमुख होता. १९०३ साली ती नोकरी गेली, पुढच्या वर्षी मन पार कोसळले. पत्नी आणि सहा मुले दूर राहिली आणि केफार्ट उत्तर कॅरोलिनातल्या ग्रेट स्मोकी पर्वतात जाऊन राहिला. तेथे त्याने १९०६ साली 'द बुक ऑफ कॅम्पिंग अँड वुडक्राफ्ट' हे पुस्तक सिद्ध केले आणि १९१३ साली त्या डोंगरातल्या माणसांवरचे पुस्तक लिहिले. हा भाग राष्ट्रीय उद्यान व्हावा म्हणून तो अखेरपर्यंत झटला. १९३१ साली मोटार अपघातात त्याचा मृत्यू झाला आणि तीन वर्षांनी, १९३४ साली, उद्यान अस्तित्वात आले.

केफार्टने आपल्या सुरीचे जे वर्णन केले आहे ते ग्रंथसूचीतल्या नोंदीसारखे आहे. पाते सव्वाचार इंच, मूठही तितकीच. पात्याची रुंदी एक इंच, पाठीची जाडी इंचाचा आठवा भाग. पात्याचे पोलाद मुठीच्या आतून शेवटपर्यंत गेलेले आणि रिव्हेटने पक्के केलेले. मूठ हलक्या पण कठीण लाकडाची, लंबगोल, हाताला फोड येऊ नयेत म्हणून कोठेही कंगोरा नसलेली. धारेच्या बाजूला बोट घसरू नये इतकाच छोटा उंचवटा आणि पाठीच्या बाजूला काहीच नाही, कारण तेथे ते अडचणीचे होते. मूठ जड असती तर वाकल्यावर सुरी म्यानातून निसटली असती, हेही तो नोंदवतो. सगळे मिळून वजन चार औंस, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आत. ही सुरी एका खेड्यातल्या लोहाराने केलेली होती आणि दिसायला अगदी कुरूप होती. परंतु तिच्याशी स्पर्धेत उतरलेल्या कितीतरी सुऱ्या मागे पडल्या आणि ही मनात टिकली, असा त्याचा निर्वाळा आहे. मोठी सुरी कुऱ्हाडीचे काम करील ही समजूत तो स्वच्छ शब्दांत भ्रम ठरवतो. त्याच्याही पुस्तकात सुरीला सोबत आहे, छोट्या कुऱ्हाडीची आणि खिशातल्या चाकूची.

या वर्णनातले प्रत्येक माप एखाद्या कामाचे कारण सांगते. विशेषणे जवळजवळ नाहीत. जे एक ठळक विशेषण आहे ते 'कुरूप' या अर्थाचे आहे. अवजाराचे प्रामाणिक वर्णन कसे ओळखावे, असे आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी विचारले तर आम्ही हा उतारा पुढे करू. त्यात वस्तूच्या मर्यादा सांगितलेल्या असतात आणि ती कोठे कमी पडेल, तेव्हा दुसरे काय हाती घ्यावे, हेही सांगितलेले असते.

मग नेसमक आणि केफार्ट यांचा धडा गिरवला गेला का? काही काळ, काही लोकांत. परंतु विसाव्या शतकाने एकट्या सुरीला एक नवे आणि या वेळी खरेखुरे कारण दिले. ते म्हणजे विमान. लढाऊ विमान कोसळले तर वैमानिकाच्या अंगावर जे असेल तेवढेच त्याच्यापाशी राहते. कुऱ्हाड, चाकू, पेटी यांतले काही बरोबर नेता येत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत अमेरिकी हवाई दलासाठी आणि नौदलाच्या वैमानिकांसाठी जी सुरी ठरली तिच्या पात्याच्या पाठीवर करवतीसारखे दाते होते. ते दाते लाकडासाठी नव्हते. आत अडकलेल्या माणसाला विमानाचा ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा कापून बाहेर पडता यावे म्हणून होते. ही सुरी पुढे सहा इंचांवरून पाच इंचांवर आणली गेली आणि तिच्या म्यानाला धार लावायच्या दगडासाठी खिसा होता. म्हणजे येथेही विचार कामाचाच होता. फक्त ते काम फार विशिष्ट होते.

१९७२ साली डेव्हिड मॉरेलची 'फर्स्ट ब्लड' ही कादंबरी आली आणि १९८२ साली तिच्यावरचा चित्रपट. व्हिएतनामहून परतलेला, स्वतःच्याच देशात शिकारीच्या जनावरासारखा हाकलला जाणारा रॅम्बो हा सैनिक तीत आहे. चित्रपटासाठी अरकॅन्सॉ राज्यातल्या जिमी लाइल या कारागिराने मोठी सुरी घडवली. पाठीवर दाते, पोकळ मूठ, मुठीच्या टोपणात होकायंत्र, आत सुईदोरा आणि काड्या. त्या मुठीतल्या दोऱ्याने रॅम्बो स्वतःच्या हाताची जखम शिवतो, तो प्रसंग पाहिलेला माणूस विसरत नाही. विमानाच्या पत्र्यासाठी केलेले दाते असे अरण्यात आले. चित्रपटाच्या यशानंतर या सुरीच्या स्वस्त नकला जगभरच्या बाजारांत आल्या. या नकलांतला मूळ दोष समजून घेण्यासारखा आहे. मूठ पोकळ ठेवायची तर पात्याचे पोलाद तिच्यातून शेवटपर्यंत नेता येत नाही. ते मुठीच्या तोंडाशीच संपते, आणि जोर लावला की तेथेच तुटते. म्हणजे सुईदोरा, काड्या, होकायंत्र या सोबत्यांना सुरीच्या पोटात कोंबण्यासाठी सुरीचाच कणा काढून टाकावा लागला. नेसमकच्या त्रयीला एका वस्तूत बसवण्याच्या हट्टाचे हे फळ.

रॅम्बोची गोष्ट मात्र आम्हांला थट्टेचा विषय वाटत नाही. ज्याला समाजाने टाकले त्याच्या हातात एकटी सुरी देणे, हे कथेच्या दृष्टीने अचूक आहे. ती सुरी त्याच्या एकटेपणाची खूण आहे. चूक होते ती प्रेक्षक ती खूण विकत घ्यायला दुकानात जातो तेव्हा. प्रतीक म्हणून जे खरे आहे ते अवजार म्हणूनही खरे असेल, असे मानणे हा वाचनातला दोष आहे. आणि वाचन शिकवणाऱ्यांनी त्याची दखल घ्यावी असे आम्हांला वाटते.

याच १९८०च्या दशकात कॅनडात मॉर्स कोचान्स्की (१९४०–२०१९) हा शिक्षक उत्तरेकडच्या हिमारण्यात राहण्याची विद्या शिकवत होता. त्याचा सल्ला एका वाक्यात सांगता येतो: पाते आपल्या तळहाताच्या रुंदीएवढे असावे. इंच नाहीत, सेंटीमीटर नाहीत, माप हाताचेच. तो ज्या सुरीची भलावण करी ती स्वीडनच्या मोरा गावची, लाकडी मुठीची, कामगारांच्या खिशाला परवडणारी सुरी होती. कडाक्याच्या थंडीत मात्र तो कुऱ्हाडीलाच पहिला मान देई. ऐंशी वर्षांच्या अंतराने आणि निराळ्या अरण्यात तो केफार्टच्याच उत्तराशी येऊन पोहोचला होता.

पोलादाबद्दलही थोडे सांगितले पाहिजे, कारण आजच्या जाहिरातींचा भर त्यावर असतो. साधे कार्बनचे पोलाद गंजते, पण त्याला हाताने धार चटकन येते. न गंजणारे पोलाद १९१३ साली त्याच शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने सिद्ध केले, तेव्हा त्याच्या सुरुवातीच्या सुऱ्यांची 'न कापणाऱ्या सुऱ्या' म्हणून थट्टा झाली. त्यानंतरच्या शतकात हे पोलाद पुष्कळ सुधारले आणि आज ओल्या हवेत, खाऱ्या पाण्याजवळ तेच शहाणपणाचे ठरते. परंतु पोलादाच्या नावापेक्षा त्याला पाणी कसे दिले आहे, हे महत्त्वाचे. पाणी अधिक झाले तर धार तुकड्यांनी उडते, कमी झाले तर ती वळते. आपल्या गावचा लोहारही हे जाणतो, आणि माणसाच्या तडफेबद्दल बोलताना 'पाणी' हा शब्द आपण उगीच वापरत नाही.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर छंदाची शिकार संपली, आणि ते योग्यच झाले. त्यामुळे शिकारी सुरीचा प्रश्न आपल्यापुरता इतिहासजमा झाला आहे, असे कोणी म्हणेल. पण सुरी कशावरून पारखावी हा प्रश्न आपल्या कायद्यालाही पडलेला दिसतो. १९६२च्या शस्त्रनियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची गणना शस्त्रांत केली होती. मात्र घरकाम, शेती, शास्त्र किंवा उद्योग यांसाठी घडवलेली पाती तीतून वगळली होती. रेझिन बोईची सव्वानऊ इंची सुरी पाव इंचाने या रेषेपलीकडे गेली असती. कोकणातल्या माणसाच्या कमरेच्या आकडीत अडकवलेली कोयती मात्र तिच्या लांबीरुंदीचा विचार न करता अलीकडे राहते, कारण ती कशासाठी आहे हे तिच्या आकारातच लिहिलेले आहे. पुढे वळलेले पाते फांदी आपल्याकडे ओढते, वजन टोकाशी असते, आणि चालताना दोन्ही हात मोकळे राहतात. तिची जाहिरात कधी झाली नाही. गावचा लोहार आणि वापरणारा हात यांच्यात पिढ्यानपिढ्या चाललेल्या बोलण्यातून ती घडली.

केफार्टच्या कुरूप सुरीचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. आज अनेक कंपन्या 'केफार्ट' या नावाने तिच्या आवृत्त्या विकतात आणि त्यांतल्या काही चांगल्याच महाग असतात. दंतकथेविरुद्ध लिहिलेल्या वर्णनाचीच दंतकथा झाली. याचा आम्हांला विषाद वाटत नाही, कारण निदान या दंतकथेतली मापे खरी आहेत. मात्र नाव घेताना त्रयीतली उरलेली दोन अवजारे पुन्हा गळून पडतात, एवढे लक्षात ठेवावे.

मराठी भाषेने या बाबतीत एक वेगळी नोंद करून ठेवली आहे. ऊसतोडणीच्या हंगामात मुकादम माणसे मोजतो ती कोयत्यांत. आणि 'एक कोयता' म्हणजे एक माणूस होत नाही, एक जोडपे होते. एकटा मजूर आला तर तो 'अर्धा कोयता'. या मोजणीत माणसाचे नाव पुसून अवजाराचे नाव येते, हे क्रूर आहे आणि त्याचे कौतुक आम्ही करणार नाही. पण ज्यांचे पोट खरोखर पात्यावर अवलंबून असते त्यांच्या हिशेबात एकटे पाते पुरे ठरत नाही, ही गोष्ट त्या शब्दाने सांगून ठेवली आहे. एक तोडतो, दुसरी मोळी बांधते, तेव्हा कुठे तो कोयता पूर्ण होतो.